कांगारू कोकणात का नाही?
गोंडवन भूमीची रत्नागिरीतील एक जिवंत खूण

कांगारू हा ऑस्ट्रेलियाचा प्राणी, हे प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पोटावरील पिशवीत पिलू वाढविणाऱ्या अशा सस्तन प्राण्यांना ‘शिशुधान’ प्राणी म्हणतात. त्यांच्या बहुसंख्य जाती ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथे, तर उरलेल्या अमेरिका खंडात आढळतात. भारतात मात्र त्यांची एकही जात नाही. एके काळी भारत, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका हे एकाच महाखंडाचे भाग होते, असे भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकवितो. मग कांगारूचे भाऊबंद आपल्याकडे का नसावेत, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारल्यास त्याचे समाधान कसे करावे? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्याच्या मातीपर्यंत येऊन पोहोचतो.

गोंडवन : आपल्याच मातीतील नाव

दक्षिणेकडील त्या प्राचीन महाखंडाचे ‘गोंडवन’ हे नाव मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून आलेले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील मेडलिकॉट यांनी १८७२ साली येथील खडकांच्या समूहासाठी ते प्रथम वापरले. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ट झ्यूस यांनी तेच नाव संपूर्ण महाखंडास दिले. नागपूर व चंद्रपूर परिसरातील कोळशाच्या थरांशी निगडित खडकांत ‘ग्लॉसॉप्टेरिस’ या लुप्त वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात. तसेच ठसे आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली मृत्युमुखी पडलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने अखेरपर्यंत जवळ बाळगलेल्या दगडांतही या वनस्पतीचे जीवाश्म होते. त्याच वर्षी आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडविप्लवाची कल्पना मांडली. तिला सर्वमान्यता मिळण्यास मात्र पुढे अर्धशतक जावे लागले.

पिशवीवाल्यांचा प्रवास

शिशुधान प्राण्यांचे व त्यांच्या निकटच्या पूर्वजांचे जुने जीवाश्म उत्तर गोलार्धात, विशेषतः उत्तर अमेरिकेत, विपुल प्रमाणात मिळतात. तेथून ते दक्षिण अमेरिकेत उतरले. बोलिव्हियातील टिऊपाम्पा येथील त्यांचे जीवाश्म सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात मर्गन येथे मिळालेले अवशेष सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. या दोन खंडांमधील दुवा म्हणजे अंटार्क्टिका. आज बर्फाखाली असलेल्या या खंडावर त्या काळी अरण्ये होती. १९८२ साली अंटार्क्टिकाजवळील सीमोर बेटावर अमेरिकन शास्त्रज्ञांना एका शिशुधान प्राण्याचा जीवाश्म सापडला आणि तोवर अनुमानाने मानलेला मार्ग पुराव्याने सिद्ध झाला. चिली देशातील अरण्यात राहणारा ‘मोनितो देल मोन्ते’ हा उंदराएवढा प्राणी दक्षिण अमेरिकेतील इतर शिशुधानांपेक्षा ऑस्ट्रेलियातील शिशुधानांना अधिक जवळचा आहे, हेही त्याच वर्षी त्याच्या घोट्याच्या हाडांवरून दाखविण्यात आले.

भारताने हा मार्ग फार पूर्वीच सोडला होता. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करसह भारत अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया यांपासून विलग होऊ लागला. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही मागे राहिले. शिशुधान प्राणी दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियाकडे निघाले, तेव्हा भारत हिंदी महासागरात एकाकी बेटासारखा उत्तरेकडे सरकत होता. गलबत बंदरातून सुटून गेले होते आणि हे प्रवासी त्यानंतर धक्क्यावर आले, असे म्हणता येईल. कांगारू कोकणात नाही, याचे कारण एवढेच.

गलबतावरील प्रवासी

मग या गलबतावर कोण होते? बेळगाव जिल्ह्यातील गोकाक परिसरात, लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकांतून एका लुप्त सस्तन प्राण्याचा दात मिळाला. तेलंगणातील नास्कल येथेही त्याच गटाचे दात मिळाले. या दातांची वर्णने २००७ साली प्रसिद्ध झाली. हा प्राणी ज्या गटातील आहे, त्याचे अवशेष मादागास्कर व दक्षिण अमेरिका येथेही सापडतात. मुंबईतील वरळीच्या खडकांतील बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ सालीच केले होते. १९३० साली नोबल यांनी त्यांना ‘इंडोबॅट्रॅकस’ हे नाव दिले. ऑस्ट्रेलियातील बेडकांशी त्यांचे असलेले साम्य तेव्हापासून चर्चेचा विषय झाले आहे.

परंतु या प्रवाशांचे काही वंशज आजही जिवंत आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले या गावातून मिळालेल्या एका देवगांडुळाची नवी जाती म्हणून २००३ साली नोंद झाली. रविचंद्रन, गोवर व विल्किन्सन या शास्त्रज्ञांनी तिला ‘गेगेनिओफिस शेषाचारी’ असे नाव दिले. देवगांडुळांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले भारतीय प्राणिशास्त्रज्ञ बी. आर. शेषाचार यांचा हा गौरव होय.

देवगांडूळ हे गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. तो बेडकाच्या नात्यातील, पाय नसलेला, पाठीचा कणा असलेला उभयचर प्राणी आहे. अंगावर वळ्यांसारखी कडी, ओलसर गुळगुळीत कातडी आणि हाडाखाली झाकलेले डोळे ही या प्रजातीची लक्षणे होत. तो ओल्या मातीत राहतो व गांडुळे, वाळवी यांसारख्या जीवांवर उपजीविका करतो. डोर्ल्याच्या या जातीची मादी अंडी न घालता पिलांना जन्म देते, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आशिया खंडातील देवगांडुळांत असे उदाहरण तोवर ज्ञात नव्हते.

याचे जवळचे आप्त खंडाळ्यासह सह्याद्रीत अन्यत्र आहेत. त्याच कुळातील अन्य आप्त मात्र रत्नागिरीपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, सेशेल्स बेटांवर आहेत. उभयचरांच्या पातळ कातडीस समुद्राचे खारे पाणी मानवत नाही. एवढा सागर ओलांडणे या मातीतल्या जिवास जवळजवळ अशक्य. उलगडा असा की, सेशेल्सची भूमी भारतालाच जोडलेली होती व सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्हाच्या उद्रेकानंतर लवकरच, ती अलग झाली. प्राणी सागर ओलांडून गेले नाहीत, भूमीच दुभंगली. रत्नागिरीचा काळा पाषाण व त्याच्या झिजेतून झालेला जांभा हे त्याच लाव्हाचे अवशेष. यावरून या देवगांडुळाचे पूर्वज लाव्हाच्या कक्षेबाहेर तगून नंतर इकडे पसरले असावेत, असे अनुमान निघते.

आपले कर्तव्य

साप समजून देवगांडूळ ठेचले जाते. त्याला विष भिनविणारे दात नाहीत व माणसास त्यापासून भय नाही. ओली माती, पालापाचोळा, शेणखताचे खड्डे व वहाळांचे काठ हाच त्याचा निवारा. रासायनिक विषारी द्रव्यांचा अनिर्बंध वापर, सड्यांवरील बेसुमार खोदकाम व वहाळ बुजविणे यांमुळे तो निवारा नाहीसा होतो.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीत आंबा, काजू, वाघ-बिबळे यांची नावे सहज येतात. मातीखालच्या या प्राण्याचे नाव क्वचितच येते. पावसाळ्यात शेतीच्या कामात तो दिसल्यास त्याची जागा व दिनांक यांची नोंद करावी आणि त्यास तेथेच सोडून द्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही ओळख करून दिल्यास खंडविप्लवाचा धडा नकाशापुरता राहणार नाही.

नागपूरच्या दगडातील पानाचा ठसा संग्रहालयात सुरक्षित राहू शकतो. डोर्ल्याच्या मातीतील ही खूण मात्र ती माती ओली व जिवंत राहील तेवढेच दिवस टिकणार आहे.