देहावरील दुसरे चित्र

छायाचित्रातील देहावर दुसरे चित्र चढविण्याची कला संगणकाहून जुनी आहे. १९२४ साली मॅन रे या अमेरिकन कलावंताने पॅरिस येथे एका पाठमोऱ्या स्त्रीच्या छायाचित्रावर व्हायोलिनची दोन नागमोडी छिद्रे उमटविली. पाठ जणू वाद्यच झाली! आज हेच काम संगणक अंकगणिताने करतो. सामान्यतः प्रत्येक बिंदूच्या तेजास काळ्यासाठी ०, तर पांढऱ्यासाठी २५५ असा अंक असतो. दोन्ही चित्रांतील अंकांचा गुणाकार करून २५५ने भागले, की पांढऱ्याखालील त्वचा तशीच राहते, काळी रेघ मात्र उमटते. तळहातावर पिंपळपानाच्या शिरा गोंदल्यासारख्या दिसतात. मात्र देह ज्याचा, त्याची अनुमती आधी घ्यावी. एरवी तिला आम्ही कला म्हणणार नाही.