श्वासांचे मोजमाप

दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची इच्छा ही मनुष्याच्या अंगची मोठी संपत्ती होय. परंतु नुसत्या इच्छेने कोणाचे दुःख दूर होत नाही. बुडणाऱ्यास वाचविण्याकरिता पाण्यात उडी घेणारा स्वतःच पोहण्यास शिकलेला नसेल, तर एकाऐवजी दोघांचे प्राण संकटात सापडतात. सेवेला कौशल्याची जोड मिळाली, तरच ती फलद्रूप होते. हे कौशल्य संपादन करण्यास मोठी पदवीच लागते, असे मात्र नाही. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांनी ही गोष्ट सिद्ध करून दाखविली आहे.

गडचिरोली हा दाट अरण्यांचा जिल्हा. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की कित्येक गावांच्या वाटा बंद होतात. अशा वेळी तान्हे मूल अकस्मात आजारी पडले, तर त्याला दूरच्या रुग्णालयापर्यंत नेणे फार कठीण. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली या जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. लहान मुलांच्या मृत्यूंचा शोध घेता, न्यूमोनिया हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे त्यांना आढळून आले. या रोगावर औषध होते. पण रोग ओळखून ते वेळेवर देणारा मनुष्य जवळ नव्हता. तेव्हा गावातच राहणाऱ्या माणसांना हे काम शिकवावे, असा निश्चय त्यांनी केला.

परंतु खोकणाऱ्या प्रत्येक मुलाला न्यूमोनिया झालेला नसतो. साधा खोकला कोणता व घातक कोणता, हे ओळखण्याची एक खूण आहे. फुप्फुसे रोगग्रस्त झाली की मूल भराभर श्वास घेऊ लागते. दोन महिन्यांहून लहान बालकाचे श्वास एका मिनिटात ६० किंवा त्याहून अधिक भरले, अथवा दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बालकाचे ५० किंवा त्याहून अधिक भरले, तर धोका समजावा. खूण सोपी खरी. पण गावातील पुष्कळ सुइणी निरक्षर होत्या. त्यांना साठापर्यंत अंक मोजता येत नसत आणि त्यांच्याजवळ घड्याळही नसे. मग श्वास मोजावयाचे कसे?

या अडचणीतून एक साधे उपकरण निर्माण झाले. बालवर्गातील मण्यांच्या पाटीसारखी त्याची रचना होती. त्यावर मण्यांच्या दोन ओळी होत्या : एक अगदी तान्ह्या बालकांसाठी व दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ होते. घड्याळ उलटे करावयाचे आणि मुलाच्या पोटाच्या हालचालीकडे लक्ष ठेवावयाचे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा आणि पुन्हा एकापासून मोजू लागावयाचे. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा तांबडा मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया झाला असे समजावयाचे. दहापर्यंत मोजता येणारी सुईणही आता हा रोग ओळखू लागली. माणूस साधनाला अनुरूप नसेल, तर साधन माणसाला अनुरूप करावे, हा उत्तम शिक्षणाचा नियमच येथे प्रत्ययास आला.

यानंतर याहूनही अवघड कार्य हाती घेण्यात आले. जन्मल्यापासून पहिला महिना हा बालकाच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळ असतो. या काळात त्याची घरीच काळजी घेता यावी, म्हणून १९९३ पासून ३९ गावांत एक प्रयोग सुरू झाला. थोडेफार शिकलेल्या, त्याच गावांतील स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून निवडण्यात आल्या. त्यांना सर्व विद्या एकदम दिली गेली नाही. आरंभी त्यांनी केवळ पाहावयाचे व वहीत नोंद करावयाची. मग बालकाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध व इंजेक्शन देणे, या गोष्टी त्या पायरीपायरीने शिकल्या. त्यांच्या नोंदी वरचेवर तपासल्या जात व चुका दुरुस्त केल्या जात.

या परिश्रमांचे फळ आकड्यांत दिसून आले. आरंभी या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी ६२ बालके पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ साली हे प्रमाण सुमारे २५ वर आले. आकडा लहान दिसतो. पण कमी झालेल्या प्रत्येक अंकामागे एक घर, एक माता व एक पाळणा आहे, हे विसरता कामा नये.

अशा सेविकेचे खरे कौशल्य केवळ हातात नसते. ते विवेकातही असते. आपल्याला काय येते हे तिला ठाऊक असते. त्याचप्रमाणे आपल्याला काय येत नाही, हेही तिला ठाऊक असावे लागते. बालकाची स्थिती आपल्या आटोक्याबाहेर गेली आहे हे ओळखून त्याला तत्काळ रुग्णालयात पाठविणे, हाही तिच्या विद्येचाच भाग होय. न वापरलेला विळा जसा गंजतो, तशी सरावाविना शिकलेली विद्याही मंदावते. म्हणूनच वारंवार उजळणी करणे तिला आवश्यक असते.

पुढे भारत सरकारने २००५ साली गावोगावी ‘आशा’ कार्यकर्त्या नेमण्याची योजना सुरू केली. नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम २०११ पासून त्यांच्याकडे सोपविण्यात आले. आज बाळ जन्मल्यावर ठरलेल्या दिवशी ‘आशाताई’ दाराशी येते, बाळाचे वजन करते, त्याचे अंग गार तर पडले नाही ना हे पाहते आणि आईला धीर देते.

प्रथमोपचार असो, आग विझविणे असो किंवा पुरातून माणसे काढणे असो, हाच न्याय सर्वत्र लागू पडतो. ज्याचे अंतःकरण दयेने भरून येते, त्याने आपले हातही शिकवून तयार ठेवावे. संकट येते, तेव्हा शिकण्यास अवधी नसतो.