पांढऱ्या कणसातला पिवळा दाणा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या उतारांवर, मका हे आधी घरचं अन्न आणि मग बाजाराचा माल. पाड्यावरचा पांढरा गावठी मका भाकरीचा. खाली शहादा-तळोद्याच्या सपाटीवर दिसतो तो बहुतेक पिवळा, संकरित. वरचं पांढरं कणीस सोलावं आणि त्यात तीन-चार पिवळे दाणे निघावेत, याचं कारण बहुधा वारा असतो.

मक्याचा तुरा लाखो परागकण उधळतो. कणसाच्या टोकाला लोंबणारा प्रत्येक रेशमी धागा एकेका दाण्याचा. त्यावर पराग पडला तरच तो दाणा भरतो. म्हणजे एका कणसातल्या पाचशे दाण्यांची आई एकच असली, तरी बाप वेगवेगळे असू शकतात. ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या ब्र्यून शहरात मेंडेलने 1865 मध्ये मांडलेलं वाटाण्याचं गणित इथे आयतं ओळीने लागलेलं मिळतं.

पिवळेपणा प्रभावी, पांढरेपणा अप्रभावी. पण प्रभावी म्हणजे बलवान नव्हे. पिवळ्या रंगासाठी दाण्यात कॅरोटिनॉइड्स तयार व्हावी लागतात. पांढऱ्या मक्यात त्या कामाचं जनुक दाण्यापुरतं बंद असतं. एकच चालू प्रत मिळाली तरी रंग चढतो. शाळेच्या पुस्तकातलं गणित इथे जरा घसरतं, कारण दाण्याच्या पिठूळ भागात आईच्या दोन प्रती आणि बापाची एक असते. म्हणून पांढऱ्या कणसातला पाहुणा दाणा हळदीसारखा पिवळाजर्द नसतो, फिकट असतो. मँगल्सडॉर्फ आणि फ्रॅप्स यांनी 1931 मध्ये दाखवलं, की पिवळ्या जनुकाच्या प्रती जितक्या जास्त, तितकं दाण्यातलं अ जीवनसत्त्वही जास्त.

बियाणं राखणाऱ्याला यातून एक सोय मिळते. पांढऱ्या दाण्यात पिवळं जनुक दडून राहू शकत नाही. पेरणीआधी सुपात पिवळे दाणे वेचून काढले, की त्या वर्षीची पिवळी भेसळ गेली.

उलटं मात्र अवघड. पिवळ्या मक्यावर पांढऱ्याचा पराग पडला तर दाणा पिवळाच दिसतो. आईच्या दोन प्रती रंग सांभाळून घेतात. पांढरं जनुक आत बसून राहतं. असे दडलेले दोघे एकत्र आले तर चारात एक दाणा पांढरा, पण शेतात त्यांच्या भोवती शुद्ध पिवळ्यांची गर्दी असते, त्यामुळे ती भेट बरीच वर्षं लांबू शकते. मग कधीतरी दोन पांढरे दाणे निघतात, शेतकरी ते फेकतो, आणि ते जनुक वाहणारे पिवळे दाणे पुढच्या वर्षीच्या बियाण्यात निवांत बसलेले असतात.

धडगाव परिसरात बाएफ संस्थेने शेतकऱ्यांबरोबर गावठी मका आणि ज्वारीच्या वाणांचं जतन आणि बियाणे बँकांचं काम केलं आहे. अशा कामात डब्यावरच्या चिठ्ठीइतकंच शेतातलं अंतर महत्त्वाचं. मक्याच्या बीजोत्पादनात साधारण 200 मीटर किंवा त्याहून जास्त अंतर मागतात. डोंगरातल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतात ते कुठून आणायचं? निदान पेरणी पंधरा-वीस दिवस मागेपुढे करून तुरे एका वेळी येऊ न देणं, एवढं हाती राहतं. शिवाय शेजारच्या दुसऱ्या पांढऱ्या वाणाचा पराग आला तर रंग चुगली करतच नाही.

लाल कणसाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे रंग बहुतेकदा दाण्याच्या सालीत असतो, आणि साल पूर्णपणे आईची. पराग कुठूनही येवो, अख्खं कणीस एकसारखं लाल. बापाने काय दिलंय, ते हे दाणे पेरून पुढच्या हंगामात कणसं सोलली की दिसायला लागतं.