विश्लेषण : मासेमारीच्या नावाखाली देशावर दोन अब्ज डॉलरचे कर्ज! काय होता मोझांबिकचा ‘टुना बाँड’ घोटाळा?

मंत्री, बँकर आणि कंपनी मिळून देशाच्या नावावर कर्ज काढतात आणि संसदेला त्याचा पत्ताच नसतो. भविष्यातील जगावर बेतलेल्या एखाद्या थ्रिलर वेबसिरीजचे हे कथानक वाटेल. पण आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये हे प्रत्यक्षात घडले आहे.

कर्ज कशासाठी?

मोझांबिकच्या समुद्रात २०१० पासून नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले. उद्या वायूचा पैसा येणार, या भरवशावर २०१३ आणि २०१४ मध्ये प्रोइंडिकस, एमाटुम आणि माम या तीन सरकारी कंपन्यांच्या नावावर सुमारे दोन अब्ज डॉलर उभारण्यात आले. किनाऱ्याची सुरक्षा, टुना मासेमारी आणि जहाजदुरुस्ती ही कारणे दाखवण्यात आली. कर्ज क्रेडिट स्वीस आणि रशियाच्या व्हीटीबी बँकेने उभारून दिले. बोटी आणि उपकरणांचे कंत्राट प्रिव्हइन्व्हेस्ट समूहाला मिळाले.

खरी मेख कुठे?

तिन्ही कंपन्या नव्या होत्या. तरीही कर्ज मिळाले ते सरकारच्या थकहमीमुळे. साखर कारखान्यांच्या कर्जाला राज्य सरकार देते, तशीच ही हमी. कारखान्याने हप्ते थकवले तर भरणार सरकार, म्हणजेच करदाते. मोझांबिकमध्ये एवढ्या मोठ्या हमीला संसदेची मंजुरी बंधनकारक होती, ती घेतलीच नाही. शिवाय कर्जाची रक्कम मोझांबिकच्या तिजोरीत न येता बँकांकडून थेट कंत्राटदाराकडे गेली.

बिंग कसे फुटले?

एमाटुमच्या कर्जाचे रोखे बाजारात विकले गेल्याने ते जगाला माहीत होते. उरलेली दोन कर्जे मात्र २०१६ मध्ये उघड झाली. लेखापरीक्षणात सुमारे ५० कोटी डॉलरचा हिशेबच लागला नाही. मासेमारीच्या बोटी मापुतो बंदरात उभ्याच राहिल्या.

सामान्यांना काय भोगावे लागले?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि देणगीदार देशांनी अर्थसंकल्पासाठीची मदत थांबवली. मेटिकल हे चलन गडगडले आणि आयात वस्तू महागल्या. जानेवारी २०१७ मध्ये सरकारने रोख्यांवरील व्याजाचा हप्ता चुकवला.

शिक्षा कुणाला?

क्रेडिट स्वीसच्या तीन माजी बँकरनी २०१९ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला. २०२१ मध्ये बँकेने अमेरिका आणि ब्रिटनमधील यंत्रणांना सुमारे ४७.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. २०२२ मध्ये मापुतोतील न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष गेबुझा यांच्या मुलाला १२ वर्षांची शिक्षा सुनावली. हमीवर सही करणारे माजी अर्थमंत्री मॅन्युएल चँग यांना जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने साडेआठ वर्षांचा तुरुंगवास ठोठावला. प्रिव्हइन्व्हेस्टने आरोप फेटाळले होते, मात्र २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मोझांबिकच्या बाजूने निकाल दिला.

मग कर्ज मिटले का?

पूर्ण नाही. एमाटुमच्या रोख्यांची हमी देशाच्या घटनात्मक परिषदेने २०१९ मध्ये रद्दबातल ठरवली. तरीही बाजारातील पत टिकवण्यासाठी त्याच वर्षी सरकारने त्या रोख्यांच्या बदल्यात ९० कोटी डॉलरचे नवे रोखे दिले. त्यांची मुदत २०३१ पर्यंत आहे. देशाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे केवळ अर्थसंकल्पातील आकड्यावरून कळत नाही. सरकार कुणाकुणाला जामीन राहिले आहे, हेही तपासावे लागते.