फोर-बाय-फोर महिन्यातून एकदा तरी टाका

जुनी पिकअप विकायला काढणारा माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो: ‘फोर-बाय-फोर एकदाही टाकलेली नाही, एकदम कोरी आहे.’ घेणाराही खूश होतो. पाच-सात वर्षं गाडी डांबरावरच फिरली, पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ कधी दिलीच नाही, म्हणजे तेवढा भाग नवाच राहिला, असा दोघांचाही हिशेब असतो. माझ्या मते हे वाक्य कानावर पडलं की घेणाऱ्याने भाव पाडून मागावा. पाच वर्षं न फिरलेलं यंत्र पाच वर्षं जुनं असतंच, शिवाय त्या पाच वर्षांत त्याला तेलही लागलेलं नसतं.

हे का घडतं ते समजायला गाडीखाली एकदा नीट बघावं लागतं. बोलेरो कॅम्परचं फोर-व्हील मॉडेल, इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स या आपल्याकडच्या पिकअपमध्ये ‘पार्ट टाइम’ पद्धत आहे. रोजच्या चालवण्यात ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. लिव्हर ओढला किंवा डॅशबोर्डवरचं बटण फिरवलं की तिच्यातला एक काटा सरकतो आणि पुढे जाणारा प्रोपेलर शाफ्ट मागच्या शाफ्टशी जखडला जातो. हे झालं फोर हाय. फोर लोमध्ये याच पेटीतले आणखी गिअर कामाला येतात. वेग उतरतो आणि चाकावरची ओढ साधारण अडीच पट होते.

१९४१ पासून युद्धासाठी हजारोंनी बनलेल्या विलीज जीपमध्ये याच कामासाठी गिअरच्या दांडीशेजारी दोन छोट्या दांड्या होत्या. महिंद्रांनी पुढे मुंबईत जोडणी सुरू केली ती याच जीपची, आणि आज नाशकात बनणारी थार त्याच घराण्यातली. मूळ जीपमध्ये फोर-बाय-फोर काढलेली असली, तरी पुढची चाकं फिरताना पुढचा अॅक्सल, क्राउन-पिनियन आणि शाफ्ट यांना फुकट फिरवत राहायची. त्यात पेट्रोल जायचं, झीजही व्हायची. १९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी जीपसाठी लॉकिंग हब काढले. चाकाच्या मधोमध असलेली चकती हाताने फिरवली की चाक अॅक्सलपासून सुटं होई आणि आतलं सगळं शांत बसे. पुढे हेच काम व्हॅक्यूमने आणि आता छोट्या विजेच्या मोटरने होऊ लागलं. ड्रायव्हरला खाली उतरायची गरज उरली नाही.

सोय उत्तम, इंधनही वाचतं. पण पुढच्या भागाची उपासमार सुरू होते ती इथूनच. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे अॅक्सलवरच्या गिअरपेटीत, तेल पोचवणारा वेगळा पंप नसतो. क्राउन, म्हणजे मोठा दातेरी गिअर, खालच्या बाजूने तेलात बुडालेला असतो आणि फिरताना तेल वर उडवतो. त्या उडालेल्या तेलावर वरची बेअरिंगं आणि पिनियनचं सील जगतं. क्राउन फिरला नाही तर तेल तळाशी जाऊन बसतं. दिवसा डिफरन्शियलचं कवच तापतं, रात्री गार होतं, ब्रीदरच्या नळीतून हवा आत-बाहेर होते आणि हवेबरोबर दमट वाफही आत शिरते. कोकणात तर ही ओल बारा महिने हवेतच असते. बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे बारीक ठिपके उठतात. पुढे एखाद्या दिवशी लांबवर फोर-बाय-फोर चालवली की तेच ठिपके घरघर आवाज करू लागतात. रबरी सीलची कड एकाच जागी टेकून कडक होते आणि शाफ्ट पहिल्यांदा जोरात फिरला की तिथून तेल पाझरतं. ट्रान्सफर केसमधला काटा सरकायला कुरकुरतो, मोटरच्या तारांच्या टोकांवर हिरवट थर चढतो, शाफ्टच्या क्रॉसमधलं ग्रीस एका बाजूला सुकून जातं.

यातलं काहीही डांबरावर कळत नाही. कळतं ते गाडी पोटापर्यंत चिखलात बसल्यावर.

म्हणून कंपन्याच सांगतात, अधूनमधून फोर-बाय-फोर चालवा. टोयोटाच्या टाकोमा या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पिकअपच्या मालकपुस्तिकेत आकडाच दिलेला आहे: दर महिन्याला किमान १६ किलोमीटर, कारण पुढच्या भागांना तेल पोचलं पाहिजे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत नेमका काय आकडा आहे तो बघावा. ते पान बहुतेकांनी उघडलेलंच नसतं.

महाराष्ट्रात या सवयीची गरज जास्तच आहे. आपलं वर्ष दोन तुकड्यांत पडतं. जून ते सप्टेंबर चिखल, आणि ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत कोरडी धूळ. मावळातला भातवाला किंवा रत्नागिरीचा आंबेवाला असो, त्याला फोर-बाय-फोर लागते ती पहिल्याच मोठ्या पावसात, म्हणजे सलग आठ महिन्यांच्या सुट्टीनंतर. मे महिन्यात वळीव झाला, बागेतून शेवटच्या पेट्या काढायच्या आहेत, उताराच्या लाल मातीचा लोणी-लोणी राडा झालाय, आणि बटण फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकतोय. तो लुकलुकणारा दिवा सांगतो की काटा अर्ध्यावर अडकलाय. दिवा स्थिर झाला की जोडणी पूर्ण. इतकी साधी खूण असूनही कित्येक ड्रायव्हर ती न बघताच अॅक्सिलरेटर दाबतात.

आता हे १६ किलोमीटर करायचे कुठे, याचं उत्तर सोपं नाही, कारण ते कोरड्या डांबरावर करता येत नाहीत. वळणावर पुढच्या चाकांचा घेर मागच्या चाकांच्या घेरापेक्षा मोठा असतो. हायलक्स किंवा व्ही-क्रॉसच्या दोन अॅक्सलमधलं अंतर सुमारे ३.१ मीटर आहे. घट्ट वळणात मागचा अॅक्सल ५ मीटरच्या त्रिज्येत फिरत असेल, तर पुढचा जवळपास ५.९ मीटरच्या त्रिज्येत फिरतो. नुसतं काटकोनात वळलात तरी मागची चाकं ७.८५ मीटर चालतात आणि पुढची सव्वानऊ मीटर. पण ट्रान्सफर केसने दोन्ही शाफ्ट एकमेकांशी जखडलेले आहेत, मग हा जवळपास दीड मीटरचा फरक जाणार कुठे? मातीत चाक थोडं घसरतं आणि फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग शाफ्ट आणि गिअर पिळले जातात. स्टिअरिंग जड होतं, ब्रेक लागल्यासारखी गाडी अडते. असं वारंवार केलं तर सवय चांगली लावायच्या नादात ट्रान्सफर केस हातची जाईल.

तेव्हा जागा हवी ती सैल मातीची. शेताचा रस्ता, खडीचा कच्चा रस्ता, पावसाळ्यात गवताचं ओलं माळरान. आठवड्यातून एकदा शेतावर जाणाऱ्या माणसाने गेटपासून विहिरीपर्यंतचा कच्चा तुकडा जाता-येता फोर हायमध्ये काढला, तरी महिन्याचा हिशेब बराचसा भरतो. शहरात राहणाऱ्याची अडचण खरी आहे. त्याने पावसाची मोठी सर चालू असताना रस्त्याचा सरळ, ओला भाग निवडावा, वेग माफक ठेवावा आणि वळण येण्याआधी पुन्हा टू व्हीलवर यावं. टाकताना स्टिअरिंग सरळ असावं आणि कुठलंही चाक जागच्या जागी गरगरत नसावं. काढल्यावर दिवा विझत नसेल तर घाबरू नये. शाफ्टमध्ये पीळ राहिलेला असतो. सरळ रेषेत थोडं मागे घेतलं की बहुतेक वेळा तो सुटतो.

समुद्रकिनाऱ्याची वाळू मात्र या कामासाठी नको. मिठाच्या पाण्याने गाडीखालचं लोखंड खाल्लं जातंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. सरावासाठी म्हणून त्यांच्या घरट्यांवरून चाक न्यायचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

फोर लोला लोक हातच लावत नाहीत. तिलाही महिन्यातून एकदा जागं करावं. गाडी पूर्ण थांबवायची, गिअर न्यूट्रल, मग लो टाकून त्याच मातीवर पन्नास-शंभर मीटर सावकाश पुढे आणि थोडं मागे. तेवढ्यात काटा त्याच्या पूर्ण टप्प्यात एकदा सरकून येतो. ज्या गाड्यांमध्ये चारही चाकांना कायम ताकद जाते, त्यांच्यात मधला डिफरन्शियल असतो आणि पुढचा भाग रोजच फिरतो. त्यांना हा महिन्याचा नेम लागत नाही. लो आणि मधल्या डिफरन्शियलचं लॉक तेवढे चालवून बघावेत.

सर्व्हिसिंगला गाडी दिली की पुढच्या डिफरन्शियलचं तेल बदलायचं राहून जातं. ‘वापरतच नाही, बदलायचं कशाला?’ असं मालकच म्हणतो आणि गॅरेजवालाही मान डोलावतो. निदान भरायचा बोल्ट उघडून बघायला सांगावं. जुना मिस्त्री करंगळी आत घालून पातळी पाहतो, मग तेल दोन बोटांत चोळून उजेडात धरतो. सोनेरी किंवा काळपट असेल तर ठीक. दुधाळ चहासारखं दिसलं, तर आत पाणी गेलंय आणि ते आजच काढायला हवं. पाणी जायची मोठी वाट म्हणजे बुजलेला ब्रीदर. तापलेला अॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती पोकळी सीलच्या कडेतून पाणी ओढून घेते. पावसाळ्यात फरशीवरून वाहत्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीचा ब्रीदर मे महिन्यातच साफ करून घ्यावा, आणि जमल्यास नळी वर बॉनेटखाली नेऊन बांधावी.

आणि टायर. चारही एकाच मापाचे आणि साधारण एकाच झिजेचे हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असतील तर चाकांचे घेर वेगळे होतात, आणि सरळ रस्त्यावरसुद्धा तोच पीळ पडत राहतो. पंक्चर झाल्यावर वेगळ्या मापाची स्टेपनी चढवली असेल, तर ती उतरेपर्यंत फोर-बाय-फोर टाकूच नये. म्हणून टायर अदलाबदल करताना स्टेपनीलाही फेरीत घ्यावं, म्हणजे पाचही टायर बरोबरीने झिजतात.