स्कँडिनेव्हियन भाषांतील फसवे समरूप शब्द

डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन या तीन भाषांत रूपाने सारखे किंवा जवळजवळ सारखे, परंतु अर्थाने भिन्न असे अनेक शब्द आढळतात. अशा शब्दांना भाषाभ्यासात 'फसवे मित्र' म्हणतात. ही संज्ञा माक्सिम केस्लर व ज्यूल देरोकिन्यी यांनी १९२८ साली इंग्रजी-फ्रेंच शब्दांविषयी लिहिलेल्या फ्रेंच ग्रंथामुळे रूढ झाली. मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. 'शिक्षा' हा शब्द हिंदीत शिक्षणासाठी आणि मराठीत दंडासाठी वापरला जातो.

(या लेखातील परभाषीय शब्द देवनागरीत मूळ लेखनाला धरून स्थूलमानाने लिहिले आहेत. प्रत्यक्ष उच्चार भाषेनुसार बदलतात.)

पार्श्वभूमी

या तिन्ही भाषा, तसेच आइसलँडिक व फेरोईज, प्राचीन नॉर्स भाषेपासून उत्पन्न झाल्या आहेत. मध्ययुगात हान्सा व्यापारी संघाच्या द्वारे निम्न जर्मन भाषेतील शब्द या प्रदेशात मोठ्या प्रमाणात आले. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या सत्तेखाली असल्याने तेथील लेखनभाषा दीर्घकाळ डॅनिशच होती. परिणामी मूळ शब्द व उसने शब्द या दोहोंचा साठा बराचसा सामाईक राहिला; अर्थ मात्र प्रत्येक राज्यात आपापल्या वाटेने सरकत गेले.

नॉर्वेजियन व स्वीडिश माणसे दुभाष्याशिवाय एकमेकांशी बोलू शकतात, आणि फसगत होते ती नेमकी याच कारणाने. पूर्णपणे परकी भाषा ऐकताना माणूस सावध असतो. येथे वाक्यातील बहुतेक शब्द ओळखीचे असल्यामुळे एखादा शब्द चुकीचा कळला आहे अशी शंकाही त्याला येत नाही. नॉर्डिक देशांतील नागरिकांना परस्परांच्या शासकीय कार्यालयांत व रुग्णालयांत स्वभाषा वापरण्याची मुभा देणारा करार १९८७ पासून लागू आहे. कोपनहेगन व माल्मो यांना जोडणारा ओरेसुंड पूल २००० साली खुला झाल्यापासून डॅनिश व स्वीडिश भाषकांचा नित्य संपर्कही वाढला आहे. 'रास्क' म्हणजे डॅनिशमध्ये 'निरोगी, बरा झालेला', तर स्वीडिशमध्ये 'चपळ, जलद'. रुग्णाविषयी बोलताना हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही.

'रोलिग'

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध शब्द बहुधा हाच. डॅनिश व नॉर्वेजियनमध्ये 'रोलिग' म्हणजे शांत, तर स्वीडिशमध्ये मजेदार, गमतीचा. 'संध्याकाळ फार रोलिग गेली' असे स्वीडिश पाहुणा म्हणाला, तर नॉर्वेजियन यजमानाला संध्याकाळ निवांत, कदाचित थोडी नीरस गेली असे वाटेल.

मूळ अर्थ कोणता, याचा निर्णय करणे येथे सोपे आहे. प्राचीन नॉर्समधील 'रो' म्हणजे विश्रांती, शांतता. आइसलँडिकमधील 'रोलेगुर' या शब्दाचा अर्थ आजही 'शांत' असाच आहे. म्हणजे अर्थ बदलला तो स्वीडिशने: विश्रांतीतून कामाविना मिळालेला वेळ, आणि त्यातून करमणूक. तथापि जुना अर्थ स्वीडिशमधूनही पुसला गेलेला नाही. 'रो' हे नाम तेथे शांततेसाठीच वापरतात आणि नकारार्थी 'ओरोलिग' म्हणजे अस्वस्थ, चिंताग्रस्त. डॅनिश-नॉर्वेजियनमधील 'उरोलिग'ही त्याच अर्थाच्या जवळचा आहे. होकारी रूपात फारकत झालेले शब्द नकारी रूपात पुन्हा एकत्र यावेत, हे व्युत्पत्ती शोधणाऱ्याने अवश्य ध्यानात ठेवावे; जुना अर्थ अनेकदा अशा साधित व सामासिक शब्दांतच टिकून राहतो.

'स्नेल', 'स्निल', 'स्निल्द'

स्वीडिश 'स्नेल' व नॉर्वेजियन 'स्निल' म्हणजे दयाळू, प्रेमळ. डॅनिश 'स्निल्द' म्हणजे चतुर. जर्मन 'श्नेल' म्हणजे जलद. प्राचीन नॉर्समध्ये हा शब्द शूर, उत्कृष्ट, वाक्चतुर अशा गुणवाचक अर्थाने येत असे. डॅनिशने त्यातील बुद्धीचा भाग ठेवला, इतर दोघींनी केवळ चांगुलपणाचा. गंमत अशी की स्वीडिशमध्ये जलदगाडीला जर्मन नमुन्यावरून 'स्नेलतोग' हा शब्द पडला. आजच्या अर्थाने शब्दशः पाहिले तर ती 'प्रेमळ गाडी' ठरते.

'रार'

लॅटिनमधील 'रारुस', म्हणजे विरळ, यापासून आलेला हा शब्द. विरळ वस्तू मौल्यवान ठरते, आणि ती चमत्कारिकही वाटू शकते. स्वीडिश व डॅनिश पहिल्या वाटेने गेल्या. तेथे 'रार' माणूस गोड, लोभस. नॉर्वेजियन दुसऱ्या वाटेने गेली. तेथे तोच विचित्र. स्तुती म्हणून उच्चारलेला शब्द सीमेपलीकडे टीका होतो.

'ब्यू'

वस्ती करणे या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला. डॅनिश व नॉर्वेजियनमध्ये त्याचा अर्थ शहर, स्वीडिशमध्ये खेडे. वस्ती लहान की मोठी हे मूळ शब्दात नव्हतेच. व्हायकिंगांबरोबर तो इंग्लंडातही पोचला आणि डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या नावांत राहिला.

उसने शब्द

'फ्रोकोस्ट' हा निम्न जर्मनमधून आला. मूळ अर्थ 'सकाळचे अन्न'. नॉर्वेजियनमध्ये, आणि 'फ्रुकोस्त' या रूपाने स्वीडिशमध्ये, तो आजही न्याहारीचा वाचक आहे. डॅनिशमध्ये मात्र तो दुपारच्या जेवणाकडे सरकला व न्याहारीला 'मोर्गनमाद' म्हणजे 'सकाळचे जेवण' असा वेगळा शब्द आला. डॅनिश यजमानाने 'फ्रोकोस्ट'ला बोलावले असता स्वीडिश पाहुण्याने वेळ विचारून घ्यावी हे बरे.

'गिफ्ट' या शब्दाचे तिन्ही भाषांत दोन अर्थ आहेत: विवाहित आणि विष. तेव्हा या तिघींत तो फसवा ठरत नाही, इंग्रजी जाणणाऱ्याला मात्र चकवतो. दोन्ही अर्थांच्या मुळाशी 'देणे' हीच क्रिया आहे. विवाहात मुलगी दिली जाते (आपल्याकडील 'कन्यादान' शब्दातील कल्पना हीच), आणि विषाचा अर्थ औषधाची मात्रा 'देणे' यातून जर्मनमार्गे आला. भेट या अर्थाचा इंग्रजी 'गिफ्ट'देखील नॉर्समधूनच गेलेला आहे.

सर्वच साम्ये अशी एका मुळाची नसतात. स्वीडिशमध्ये दोन 'स' लिहून होणारा 'ग्लास' म्हणजे आइसक्रीम. तो फ्रेंचमधून आला. नॉर्वेजियनमध्ये तशाच दोन 'स'चा 'ग्लास' म्हणजे काच किंवा पेला, आणि तो जुना जर्मानिक शब्द आहे. येथे दोन अनोळखी शब्द केवळ लेखनात एकमेकांसारखे झाले आहेत.