तळ्यातले मासे खुजे का राहतात?

तळ्यात मासे भरपूर, पण गळाला लागतात ते बोटाएवढेच. अशा वेळी आणखी मत्स्यबीज सोडावे, असे मालकाला वाटते. बहुतेकदा गरज असते ती मासे कमी करण्याची.

अमेरिकेच्या दक्षिण भागात शेतावरील खासगी तळ्यांत दोन जाती एकत्र सोडतात. लार्जमाउथ बास हा शिकारी मासा आणि ब्लूगिल हे त्याचे खाद्य. अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी १९३०च्या दशकापासून या जोडीचा अभ्यास केला. तळी उपसून त्यांनी माशांची वजने घेतली. १९५० मध्ये त्यांनी मांडलेला हिशेब असा : भक्ष्य माशांचे एकूण वजन शिकारी माशांच्या तिप्पट ते सहापट असेल, तर तळे सहसा समतोल राहते.

हा तोल दोन्ही बाजूंनी ढळतो. ब्लूगिल एका उन्हाळ्यात अनेकदा अंडी घालतो. सुरुवातीलाच बास पकडून संपवले, तर ब्लूगिलची पिल्ले बेसुमार वाढतात, खाद्य पुरत नाही आणि सगळीच खुजी राहतात. शिवाय ती बासची अंडीही फस्त करतात. त्यामुळे बासची संख्या आपोआप सावरत नाही.

उलट, पकडलेला प्रत्येक बास दयेपोटी परत सोडला, तर वीस-तीस सेंटिमीटरच्या हडकुळ्या बासची गर्दी होते. मोजके उरलेले ब्लूगिल मात्र चांगले पोसतात. येथे उपाय एकच : लहान बास काढून खावेत.

म्हणून तपासणी सोपी आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठालगत बारीक जाळे ओढावे. दोन्ही जातींची नवी पिल्ले मिळाली, तर काळजी नाही. एकाच जातीची मिळाली, तर तोल गेला आहे. नव्या तळ्यात क्रमही महत्त्वाचा. खत दिलेल्या तळ्यात एकरी हजार ब्लूगिलची बोटुकली शरद ऋतूत आणि शंभर बास पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सोडण्याची पद्धत रूढ झाली. बास येईपर्यंत त्याचे ताट वाढलेले असते.

बास आपल्याकडचा मासा नव्हे. पण शेततळ्यातील तिलापियाही असाच भराभर वाढून खुजा राहतो आणि मरळीसारखा शिकारी मासा त्याची पिल्ले आटोक्यात ठेवतो. तळ्याची प्रकृती माशांच्या संख्येवरून नव्हे, त्यांच्या आकारावरून ओळखावी.